बिर्का येथील अरबी अक्षरांची अंगठी : खडा, चांदी आणि वाचन

प्रस्तावना

पुरातत्त्वविद्येत लेखयुक्त वस्तूला नेहमीच अग्रपूजेचा मान मिळतो. मडकी, मणी, खिळे अशा मूक वस्तूंच्या ढिगात एखाद्या वस्तूवर चार अक्षरे दिसली, की अभ्यासकाचे सर्व लक्ष त्या अक्षरांकडे वळते आणि ज्या वस्तूवर ती कोरली आहेत ती वस्तू मागे पडते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील ऐतिहासिक संग्रहालयातील एक लहानशी अंगठी या प्रवृत्तीचे बोलके उदाहरण होय. चांदीची अंगठी, जांभळ्या रंगाचा खडा, त्यावर अरबी लिपीतील कूफी वळणाची अक्षरे, आणि सापडण्याचे ठिकाण म्हणजे व्हायकिंग काळातील नवव्या शतकातली एका स्त्रीची कबर. स्कँडिनेव्हियातील पुरातत्त्वीय स्थळांवरून उजेडात आलेली अरबी लेख असलेली ही एकमेव अंगठी मानली जाते.

या अंगठीवरील खडा दीर्घकाळ ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा स्फटिक, समजला जात असे. सेबास्टियन वॉर्मलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो खडा काचेचा असल्याचे स्पष्ट झाले. वृत्तपत्रांनी मात्र काचेची वार्ता बाजूला ठेवून 'अल्ला' या शब्दाचाच मथळा केला. व्हायकिंग आणि इस्लामी जग यांच्या थेट संबंधांचा पुरावा मिळाला, अशी बातमी जगभर पसरली. प्रस्तुत लेखात या अंगठीच्या तीन अंगांचा, म्हणजे खडा, धातू आणि अक्षरे यांचा, परामर्श घेतला असून त्यांपैकी कोणत्या अंगाचा पुरावा किती भार पेलू शकतो याचा विचार केला आहे.

बिर्का आणि तेथील कबर

स्टॉकहोमच्या पश्चिमेस मेलारेन सरोवरात ब्यॉर्को नावाचे बेट आहे. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या बेटावर बिर्का हे व्यापारी नगर नांदत होते. ख्रिस्ती धर्मप्रचारक आन्सगर हा ८२९-३०च्या सुमारास येथे आला होता. १९९३ मध्ये या स्थळाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

येथील उत्खननाचा आरंभ काहीसा योगायोगाने झाला. याल्मार स्टोल्पे हा मूळचा कीटकशास्त्राचा अभ्यासक. अंबरमध्ये अडकलेल्या प्राचीन कीटकांच्या शोधात तो १८७१ मध्ये ब्यॉर्को बेटावर पोहोचला. तेथे सापडणारे अंबर निसर्गतः साचलेले नसून व्यापारासाठी आणलेले आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि कीटक बाजूला राहून कबरींचे उत्खनन सुरू झाले. १८९५ पर्यंत त्याने सुमारे ११०० कबरी उघडल्या. आलेख कागदावर प्रत्येक वस्तूचे स्थान मोजून काढण्याची त्याची पद्धत त्या काळाच्या मानाने फारच पुढची होती. आज सव्वाशे वर्षांनंतरही या कबरींवर नव्याने संशोधन करता येते, याचे श्रेय मुख्यतः त्या आराखड्यांना द्यावे लागेल.

अंगठी ज्या कबरीत सापडली तिचा क्रमांक ५१५. हे दफन आयताकृती लाकडी पेटीतील असून त्याचा काळ इ. स. ८५०च्या आसपासचा मानला जातो. सांगाडा पूर्णतः नष्ट झाला होता. मृत व्यक्ती स्त्री होती हा निष्कर्ष वस्त्रांचे अवशेष, वस्त्रपिना व दागिने यांवरून काढलेला आहे, आणि हा वेश स्कँडिनेव्हियन पद्धतीचा आहे. ही बाब आरंभीच लक्षात ठेवणे इष्ट आहे, कारण पुढील विवेचनात तिचा संबंध पुन्हा येणार आहे.

खडा : स्फटिक की काच?

डोळ्यांनी पाहून ॲमेथिस्ट व जांभळी काच यांत फरक करणे वाटते तितके सोपे नाही. जमिनीत हजार वर्षे राहिलेल्या, चांदीच्या कोंदणात घट्ट बसलेल्या लहान खड्याच्या बाबतीत तर ते अधिकच अवघड ठरते. खडा कोंदणातून काढावा तर अंगठीला इजा होते, त्यावर ओरखडा काढून काठिण्य तपासावे तर लेखालाच धोका. म्हणून या तपासणीत क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करण्यात आला. या यंत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत वस्तूच्या पृष्ठावरून फिरविला जातो. त्यामुळे पृष्ठाचे अत्यंत विवर्धित चित्र तर मिळतेच, शिवाय इलेक्ट्रॉनांच्या आघाताने वस्तूतील प्रत्येक मूलद्रव्य आपापले विशिष्ट क्ष-किरण बाहेर टाकते. ते मोजले असता वस्तू कशाची बनली आहे हे तिला धक्का न लावता कळू शकते.

ॲमेथिस्ट म्हणजे मूलतः क्वार्ट्झ होय. त्यात सिलिकॉन व ऑक्सिजन यांखेरीज जे काही असते ते अल्पांशाने असते. त्याचा जांभळा रंगदेखील लोहाच्या अत्यल्प अंशामुळे व नैसर्गिक किरणोत्साराच्या परिणामामुळे आलेला असतो. काचेचे तसे नाही. वाळू वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि प्राचीन भट्ट्यांना ते साधणे शक्य नव्हते. म्हणून वाळूत सोडा मिसळून वितळणबिंदू खाली आणला जाई आणि काच पाण्यात विरघळू नये यासाठी चुन्याचा अंश आवश्यक असे. त्यामुळे खड्यात सोडियम व कॅल्शियम यांचे ठळक प्रमाण आढळले, की तो खडा क्वार्ट्झ नव्हे हे निर्विवाद ठरते. बिर्काच्या खड्याबाबत नेमके हेच घडले. तो सोडा-चुना प्रकारच्या रंगीत काचेचा निघाला.

येथे एका घाईच्या अनुमानापासून सावध राहिले पाहिजे. सोडा-चुना काच ही इस्लामी प्रदेशांतील नेहमीची काच होती हे खरे. नवव्या शतकाच्या सुमारास तेथे खनिज सोड्याऐवजी क्षारयुक्त वनस्पतींची राख वापरण्याचा प्रघात वाढला, हेही ज्ञात आहे. परंतु उत्तर युरोपातील मणी घडविणारे कारागीरही बाहेरून आलेली अशीच काच पुन्हा वितळवून वापरत असत. डेन्मार्कमधील रीबे येथे अशा कारागिरीचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. तेव्हा काचेचा प्रकार कळला म्हणजे खडा कोठे घडला हे कळले, असे होत नाही. खड्याचे पौर्वात्य मूळ सांगण्यासाठी काच व अक्षरे या दोहोंचा एकत्रित आधार घ्यावा लागतो.

खडा काचेचा निघाल्याने अंगठीचे मोल कमी झाले, अशी प्रतिक्रिया सहज होऊ शकते. आजच्या जवाहिऱ्याच्या दृष्टीने ती योग्यही आहे. नवव्या शतकातील बिर्काला मात्र हे मोजमाप लावणे गैर ठरेल. बगदादच्या बाजारात काच ही परिचित वस्तू होती, मेलारेन सरोवराकाठी ती दुरून येणारी दुर्मिळ चीज होती. या संदर्भात इब्न फदलान या अब्बासी दूताचे वृत्तांतकथन उद्बोधक आहे. ९२१ मध्ये बगदादहून निघून तो ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार राज्यात पोहोचला व तेथे त्याने रूस लोकांना, म्हणजे पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या नॉर्स लोकांना, प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या स्त्रियांना हिरव्या मण्यांचे विलक्षण वेड आहे आणि एकेका मण्यासाठी त्यांचे पुरुष एकेक दिरहम मोजतात, असे तो नमूद करतो. शुद्ध चांदीचे नाणे देऊन एक मणी घेणाऱ्या समाजात जांभळ्या काचेचा खडा हलका मानला गेला असेल, असे समजण्यास आधार नाही.

कारागिराच्या बाजूनेही विचार करता येतो. क्वार्ट्झवर अक्षरे कोरायची तर त्याहून कठीण अशा कुरुंदाची पूड व फिरती शाण लागते आणि काम वेळखाऊ असते. काच क्वार्ट्झपेक्षा मऊ असल्याने तीवर कोरीव काम तुलनेने लवकर होते. म्हणजेच काचेचा खडा हा केवळ नकली स्फटिक नसून कमी श्रमात अधिक अंगठ्या तयार करण्याचा एक व्यवहार्य मार्गही होता.

चांदी आणि कानशीचे ओरखडे

अंगठीचा धातू साच्यात ओतून घडविलेला आहे. त्यात चांदी ९४.५ टक्के व तांबे ५.५ टक्के आढळले. सोन्याचा मुलामा आढळला नाही. (इलेक्ट्रॉनांचा झोत पृष्ठाखाली फार खोल जात नाही आणि जमिनीत राहिलेल्या चांदीच्या पृष्ठभागातून तांबे हळूहळू निघून जाऊ शकते. त्यामुळे अशा आकड्यांकडे टांकसाळीच्या कसोटीप्रमाणे पाहू नये, परंतु धातू उच्च प्रतीचा आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.)

या तपासणीतील सर्वात मोलाचा शोध मात्र धातूच्या प्रमाणाचा नाही. साच्यातून निघालेल्या वस्तूवर साच्याच्या जोडाची रेघ व बाहेर आलेला जादा धातू राहतो. सोनार तो कानशीने घासून काढतो. कानस फिरली की बारीक समांतर ओरखडे उमटतात. अंगठी बोटात असेल तर कातडी, कापड, भांडी, माती यांच्या सततच्या घर्षणाने हे ओरखडे काही वर्षांतच गुळगुळीत होतात. कोणत्याही घरातील रोजच्या वापरातली जुनी अंगठी आतून पाहिली तरी याची खात्री पटेल. बिर्काच्या अंगठीवर हे ओरखडे आजही शाबूत आहेत.

याचा अर्थ अंगठी फारच थोडी वापरली गेली. ती पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत आलेली नाही. संशोधकांनी त्यावरून असे अनुमान केले, की घडविणारा सोनार आणि कबरीतील स्त्री यांच्या दरम्यान फार मालक झालेले नसावेत, आणि म्हणून ही अंगठी स्कँडिनेव्हिया व इस्लामी जग यांच्यातील थेट संपर्काचा भौतिक पुरावा ठरू शकते.

या युक्तिवादातील पहिला भाग बळकट आहे. दुसरा भाग तितका बळकट नाही. कानशीचे ओरखडे अंगठी बोटात किती काळ होती हे सांगतात. ती किती हातांतून गेली हे ते सांगत नाहीत. विक्रीसाठी ठेवलेली अंगठी कापडाच्या पुरचुंडीत गुंडाळून खझर, बुल्गार, रूस अशा चार-पाच व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून गेली, तरी तिच्यावरील ओरखडे कायम राहतील. मालक आणि वाहक यांत फरक करावा लागतो. अर्थात, संशोधकांनी आपले विधान 'शक्यता' या मर्यादेत ठेवले होते. ती मर्यादा बातम्यांमध्ये गळून पडली.

चांदी ज्या वाटांनी उत्तरेकडे वाहत होती त्या वाटा मात्र भक्कम पुराव्याने ज्ञात आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथे १९९९ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील साठ्यात सुमारे ६७ किलोग्रॅम चांदी होती. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी होती आणि ती बहुतांशी इस्लामी दिरहम होती. नवव्या शतकातील भूगोलकार इब्न खुर्दाधबिह हा रूस व्यापारी कधीकधी आपला माल उंटांवरून बगदादपर्यंत नेतात असे लिहितो. तेथे स्लाव्ह खोजे त्यांचे दुभाषी म्हणून काम करीत, अशीही माहिती तो देतो. हे व्यापारी स्वतःला ख्रिस्ती म्हणवून जिझिया भरतात, हे त्याचे विधान तर विशेष लक्षणीय आहे. बाजारपेठेत सांगितलेला धर्म आणि मनातील धर्म एकच असेल असे नाही, हे त्यातून सूचित होते.

अक्षरांचे वाचन

२०१५च्या अभ्यासात हा लेख 'अल्लासाठी' किंवा 'अल्लाला' अशा अर्थाचा वाचला गेला आहे. अरबीत 'लिल्लाह' या शब्दात लाम, लाम व हा एवढीच अक्षरे लिहिली जातात. कूफी या जुन्या, कोनयुक्त वळणात अक्षरांवर सहसा नुक्ते नसतात आणि अलिफ व लाम या दोन्ही अक्षरांचे उभे दंड परस्परांशी फार मिळतेजुळते असतात. परिणामी हा शब्द म्हणजे काही उभ्या रेघा व शेवटी एक लहान गाठ, इतकाच उरतो. वाचायला तो सोपा आहे. अडचण अशी, की जेथे तो नाही तेथेही तो दिसू शकतो.

याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. बिर्का व गाम्ला उप्साला येथील कबरींमधील कापडी पट्ट्यांवर 'अल्ला' हा शब्द विणलेला आहे, असा दावा स्वीडनमधील वस्त्र-अभ्यासक आनिका लार्सन यांनी केला. त्यास टेक्सास विद्यापीठातील इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मुल्डर यांनी हरकत घेतली. चौकटीत बसविलेले ज्या प्रकारचे कूफी वळण तेथे गृहीत धरले होते ते कित्येक शतकांनंतरचे आहे, आणि शब्द पूर्ण करण्यासाठी कापडाचा नमुना उपलब्ध काठाच्या पलीकडे कल्पनेने वाढविलेला आहे, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. अंगठीची गोष्ट कापडाहून वेगळी आहे. खडा अखंड आहे आणि नवव्या शतकात अशा खड्यांवर धार्मिक शब्द कोरण्याची प्रथा इस्लामी जगात रूढ होती. तरीही कोरणाऱ्या कारागिराला अक्षरे येत होती, की त्याने अक्षरांसारखी नक्षी उतरवली, हा प्रश्न अशा प्रत्येक वस्तूसमोर विचारावाच लागतो.

समजा वाचन संपूर्णपणे बरोबर आहे. तरी त्यावरून अंगठी घालणारीच्या श्रद्धेविषयी काय कळते? तुलनेसाठी काही वस्तू पाहता येतील. इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा ख्रिस्ती राजा ऑफा याच्या नावाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश संग्रहालयात आहे. ते हिजरी सन १५७ (इ. स. ७७३-७४) या वर्षाच्या अब्बासी दीनाराची नक्कल आहे. त्यावर अरबी धर्मवाक्ये जशीच्या तशी उतरली आहेत, आणि 'ऑफा राजा' ही लॅटिन अक्षरे अरबी मजकुराच्या मानाने उलटी पडली आहेत. नाणे पाडणाऱ्याला अरबीचा गंध नव्हता हे उघड आहे. आयर्लंडमध्ये बॅलिकॉटन येथे मिळालेल्या व त्याच संग्रहालयात असलेल्या क्रूसाच्या आकाराच्या वस्त्रपिनेच्या मध्यभागी काचेचा खडा असून त्यावर कूफी अक्षरे आहेत. क्रूस आणि अरबी लेख एकाच दागिन्यात सुखाने नांदतात. स्पिलिंग्ज साठ्यातील एक नाणे तर आणखी गमतीचे आहे. घाटाने ते दिरहम आहे, परंतु त्यावर 'मूसा हा ईश्वराचा प्रेषित' असा अरबी मजकूर आहे. ज्यू धर्म स्वीकारलेल्या खझर राज्यकर्त्यांनी ८३७-३८च्या सुमारास ते पाडले. हे नाणे पाडणाऱ्यांना मजकूर नेमका कळत होता. ते उत्तरेकडे पोहोचल्यावर मात्र वजनाची चांदी म्हणून इतर दिरहमांबरोबर पुरले गेले.

भारतीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण मेलारेन सरोवरातच मिळते. बिर्कापासून फार दूर नसलेल्या हेल्गो बेटावर १९५०च्या दशकातील उत्खननात बुद्धाची एक लहान कांस्यमूर्ती सापडली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात, काश्मीर वा स्वात परिसरात, घडविलेली आहे. तिच्यामुळे हेल्गो येथे बौद्ध उपासक राहत होते, असे कोणी गंभीरपणे प्रतिपादन केलेले नाही. मग अंगठीवरील एका शब्दावरून बिर्कात इस्लाम होता असे म्हणण्याची घाई का होते? याचे उत्तर नवव्या शतकापेक्षा आजच्या युरोपातील वादांत शोधावे लागेल. एका पक्षाला ही अंगठी हवीहवीशी वाटते आणि दुसऱ्याला नकोशी. दोघांचेही लक्ष अक्षरांवर असते, खड्याची काच व कानशीच्या रेघा कोणाच्याच कामाच्या नसतात.

कबर क्रमांक ५१५ मधील स्त्री

आता आरंभी नोंदविलेल्या मुद्द्याकडे वळता येईल. बिर्कातीलच कबर क्रमांक ५८१ मध्ये तलवार, कुऱ्हाड, बाण व दोन घोडे मिळाले होते. शस्त्रांवरून ती पुरुष योद्ध्याची कबर मानली गेली होती. २०१७ मध्ये हाडांतील जनुकीय द्रव्याच्या तपासणीवरून ती व्यक्ती जैविकदृष्ट्या स्त्री होती असे जाहीर झाले. वस्तूंवरून लिंग ठरविण्याची पद्धत किती सावधपणे वापरावी लागते, हे त्यातून सर्वांच्या लक्षात आले. कबर ५१५ मध्ये अशी फेरतपासणी संभवत नाही. हाडे नाहीत, त्यामुळे जनुकीय द्रव्य नाही. दात नाहीत, त्यामुळे बालपण कोणत्या प्रदेशातील पाण्यावर गेले हे सांगणारी स्ट्राँशियमची समस्थानिकेही उपलब्ध नाहीत. ती बिर्कात जन्मली की व्होल्गाकाठाहून वा त्याही पलीकडून आली, हा प्रश्न शरीराच्या साक्षीने सुटणारा नाही.

उरते ती वस्तूंचीच साक्ष. वेश स्कँडिनेव्हियन आहे. दूरदेशीची असूनही तिने स्थानिक वेश स्वीकारला असणे अशक्य नाही, पण तसे मानण्यास भाग पाडणारी एकही गोष्ट कबरीत नाही. अंगठी तिला भेट मिळाली असेल, मोल देऊन घेतलेली असेल किंवा लुटीत आलेली असेल. या तिन्ही शक्यता कानशीच्या ओरखड्यांशी सारख्याच सुसंगत आहेत. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की चांदीचे असंख्य दिरहम ज्या समाजात तोडून, तोलून, वितळवून वापरले जात होते त्या समाजात ही अंगठी वितळवली गेली नाही. जवळपास नवी असतानाच ती एका स्त्रीबरोबर लाकडी पेटीत ठेवली गेली आणि सोनाराच्या कानशीचे ओरखडे साडेदहा शतके मातीखाली जसेच्या तसे राहिले.